खांद्याकडे बघून

९ जानेवारी

ही डायरी लॅबच्या मालकीणबाईंनी निघताना हातात ठेवली. दातांचं सामान विकणाऱ्या एका कंपनीची आहे, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या पानावर एक दात छापलाय. जानेवारीच्या वाट्याला सुळा आलाय. "जाऊन ये, तुझी जागा कुठे जात नाही," असं बाई म्हणाल्या आणि मी चपला घालेपर्यंत माझ्या टेबलावर दुसऱ्या मुलीला बसवलंसुद्धा. बरोबरच आहे म्हणा. लोकांना कवळ्या वेळेवर लागतात.

आमच्या बँडचं नावही कवळीच. रविवारी लॅब बंद असायची, भिंतीभर शेल्फांवर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले असल्यामुळे आवाज घुमायचा नाही, म्हणून आम्ही तिघं तिथे वाजवायचो. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, गातो आणि गिटार वाजवतो. मी बेस वाजवते, म्हणजे जाड तारांची ती गिटार, जी बंद पडल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. ड्रमवर ब्रेक. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि या गृहस्थाचा पाय कोणाच्याही गाडीत बसला तरी जमीन दाबत असतो. आकडे मोजत वाजवणं तिघांपैकी एकालाही जमलं नाही. आमची पद्धत एकच: धाकट्याच्या उजव्या खांद्याकडे बघायचं. श्वास घेताना त्याचा खांदा वर जातो. वर गेला की तयार राहायचं, खाली आला की वाजवायचं.

'मी येईपर्यंत' हे गाणं आम्ही तिथेच रेकॉर्ड केलं. आमच्या बाबांवरचं आहे. तिसऱ्या कडव्यात 'थांब' म्हटल्यावर धाकट्याला एकदम भरून आलं आणि तो गप्पच झाला. आम्ही दोघं खांद्याकडे बघत थांबलो. बऱ्याच वेळाने खांदा वर गेला, खाली आला, आणि 'मी येईपर्यंत' या ओळीवर तिघं एकदम सुरू झालो. चूक झाली होती. पुन्हा करू म्हणून ठरलं, पण ब्रेकची शिकवणी होती, तो निघून गेला. तेच गाणं आता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये वाजतंय. आणि लोकांना त्यातलं काय आवडलं, तर ते थांबणं! आम्ही सुरांवर मेहनत घेतली ती वाया गेली.

१७ जानेवारी

आमचं गाणं काढणाऱ्या कंपनीने आमच्यावर एक साहेब नेमलेत. दौऱ्याचं सगळं तेच बघतात. वरचे समोरचे दात बनवलेले आहेत, काम सुरेख आहे, रंग तेवढा जरा जास्तच पांढरा. काहीही विचारा, उत्तर एकच: होऊन जाईल. ब्रेकने त्यांचं नावच होऊनजाईल ठेवून दिलंय.

चार दिवसांपूर्वी त्यांनी एक मुलगी आणली. ती समोर आवाजाच्या मोठ्या टेबलामागे बसणार आणि सोबत एक कॉम्प्युटर चालवणार. तिला आम्ही आवाजवाली म्हणतो. स्वतः मात्र दिवसभरात चार शब्द बोलत नाही. तिने आमच्या कानांचे साचे घेतले, मी दातांचे घेते तसेच, आणि त्यावरून प्रत्येकाचे इअरफोन बनवून आणले. त्यात टिकटिक ऐकू येते. त्या टिकटिकीवर वाजवायचं, व्हायोलिन आणि मागचे आवाज कॉम्प्युटर देणार.

"आणि थांबा?" मी विचारलं. तिसऱ्या कडव्यातल्या त्या जागेला आम्ही थांबाच म्हणतो.

"तोही बसवलाय आत," साहेब म्हणाले. "ताई, तुमचा थांबा रोज वेगळा पडतो. लोक घरून ऐकून येतात, त्यांना तेवढाच लागतो."

"अहो, पण त्याने श्वास घेतल्याशिवाय आम्ही कसं—"

"होऊन जाईल."

धाकट्याने मान हलवली. मीही हलवली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एकदा झालेली चूक रोज मुद्दाम करायची म्हणजे फार दमवणारं काम आहे. ते मशिनने केलेलं बरं.

५ फेब्रुवारी

आणखी एक हॉटेल. सगळीकडे तोच गालिचा, तेच चित्र, तीच उकडलेली अंडी. सकाळी जाग आल्यावर दार कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. काल बाथरूम समजून कपाटात शिरले. पाठ धरलीय. ब्रेक बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसतो आणि दर वळणाला जमीन दाबतो. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "साहेब, तुमच्या पायाने माझी बस थांबत नाही."

"माहीत आहे हो," ब्रेक म्हणाला, "पण प्रयत्न सोडवत नाही."

धाकटा आमच्याबरोबर बसमध्ये नसतो. तो आणि त्याची बायको वेगळ्या गाडीतून येतात. दिवसभर बोलत नाही. गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास, काही विचारलं की नुसती मान हलवायची. मोठे गायक कार्यक्रमाआधी मौन पाळतात असं कुठेतरी वाचलं असणार. लहानपणी याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. जेवताना गप्प बस म्हणून बाबांना रोज दटावावं लागायचं. आता कोणी सांगितलं नाही तरी गप्प. प्रसिद्धी डोक्यात गेली, दुसरं काय.

११ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. चांगला झाला म्हणतात. मी झोपते.

१९ फेब्रुवारी

काल स्टेजवर धाकट्याने कमालच केली. गाणं ऐन रंगात आलेलं, तिसरं कडवं तोंडावर, आणि हा चालत येऊन नेमका माझ्यासमोर उभा. उजवा खांदा माझ्या नाकाशी. समोरच्यांना मी आधीच फारशी दिसत नाही, काल मुळीच दिसले नसेन. वर मान वळवून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवतो, दोनदोनदा. म्हणजे माझा इअरफोन नीट बसलेला नाही, माझा ताल चुकतोय, असं स्वारीचं म्हणणं! हा मला ताल शिकवणार. याला सायकल मी शिकवली. याचे दुधाचे दात दोरा बांधून मी पाडले. मी इअरफोन आणखी आत खुपसला आणि मान खाली घालून वाजवत राहिले.

ब्रेकला विचारलं, तुझ्याकडेही बोट दाखवलं का? तो म्हणाला, "दाखवलं असेल. मी कुठे बघतो हल्ली? टिकटिक ऐकायची आणि हात चालवायचा. डोळे मिटूनही होतं."

२७ फेब्रुवारी

आईचा फोन.

"धाकटा माझ्याशी बोलत का नाही गं? फोन सूनबाईच उचलते. तो मागून नुसता हं हं करतो."

"मोठा माणूस झालाय तो आता."

आईने ते कानाआड केलं. मग म्हणाली, "टीव्हीवर तुमचा कार्यक्रम दाखवला. मागच्या आठवड्यातही दाखवला होता. दोन्ही वेळी त्याचा आवाज अगदी सारखा लागला."

"सराव असतो, आई."

"असेल बाई. पण तुझे बाबा जिन्यातून हाक मारायचे ना, ती रोज वेगळी यायची. दमून आले असले की हाकेतच कळायचं."

आईला हल्ली ऐकू कमी येतं असं वाटतंय. दौरा संपला की कान तपासायला न्यायला हवं.

६ मार्च

कार्यक्रमानंतर एक माणूस भेटायला थांबला होता. मनगटावर 'थांब' असं गोंदवून घेतलेलं. म्हणाला, घर सोडून निघालो होतो, बॅग उचलली होती, शेजारी कुणाकडे तरी तुमचं गाणं वाजत होतं. तो थांबा आला आणि मी बॅग खाली ठेवली. हे सांगताना त्याची हनुवटी थरथरत होती. त्याला म्हटलं, तुमची खालची दाढ हलतेय वाटतं, दाखवून घ्या. तो हसला, हो म्हणाला आणि गेला.

खोलीत येऊन मला रडू आलं. त्याला सांगायला हवं होतं की तो थांबा आता आमचा राहिलेला नाही, मशिन घेतं. आम्ही फक्त तोपर्यंत हात बाजूला धरतो. लॅबमध्ये निदान कवळी बसली की माणूस आरशात बघून हसतो आणि आपलं काम झालं असं कळतं. इथे काय झालं ते कळतच नाही, आणि लगेच बॅगा भरायच्या असतात.

धाकटा पुन्हा समोर येऊन उभा राहिला होता. पुन्हा कानाकडे बोट. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

१५ मार्च

लिहून काढते.

काल तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी माझे इअरफोन बंद पडले. बॅटरी संपली असणार. टिकटिक गेली आणि माझी मान आपोआप वर झाली. नजर जिथे जायची तिथेच गेली. तो समोर होताच, हल्ली रोज असतो तसा, खांदा माझ्याकडे करून. 'थांब' झालं. थांबा आला. मी बघत राहिले.

खांदा वर गेला नाही. आणि आवाज आला.

'मी येईपर्यंत', ती वरच्या पट्टीतली ओळ, स्वच्छ, जशीच्या तशी, आमच्या लॅबमधली. धाकट्याचे ओठ हलत होते, मान मागे गेली होती, एक हात वर होता. खांदा मात्र जागचा हलला नाही. श्वास घेतल्याशिवाय माणूस गाऊ शकत नाही. निदान हा तरी नाही. याला मी पाळण्यात रडताना बघितलंय, तेव्हाही तो खांदा आधी वर जायचा.

पुढचं कसं वाजवलं ते आठवत नाही.

१६ मार्च

भावजयीला गाठलं. हॉटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत ती त्याचे शर्ट इस्त्री करत होती. "केव्हापासून?" एवढंच विचारलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि रडायलाच लागली.

जानेवारी संपता संपता त्याच्या घशातून रक्त आलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ आहे. काही महिने पूर्ण गप्प बसा, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज परत येईलच असं सांगता येत नाही, असं स्पष्ट बजावलं. होऊनजाईल यांनी तोड काढली. वरच्या पट्टीतलं सगळं मशिनमधून, खालचं तेवढं त्याने गायचं. ते खालचंही तो रोज गातो, आणि आवाज रोज थोडा थोडा जातो.

"परवा तर पाणी हवंय तेही सांगता आलं नाही, ताई. ग्लास वाजवला."

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हा दोघांना?"

"कोणाला सांगणार नाही असं साहेबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. आणि तो म्हणायचा, म्हणजे लिहून दाखवायचा, की ताईने लॅब सोडली, ब्रेकदादांनी गाडी विकली. त्यांना कळलं तर ते थांबवतील."

"थांबवणारच!"

"म्हणून तर," ती म्हणाली.

फार राग आला. तिचा आला, त्याचा आला, त्या पांढऱ्या दातांचा आला. मग माझाच आला. इतकी वर्षं ज्या खांद्याकडे बघून वाजवलं, तो नाकासमोर असताना मी खाली मान घालून टिकटिक ऐकत होते. आणि हा गाढव, घशात गाठ घेऊन, स्टेजवर मला इअरफोन नीट बसवायला सांगत होता.

होऊनजाईल यांच्याकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "ताई, एवढा दौरा संपू दे. मग आराम आहेच की. होऊन जाईल."

धाकट्याच्या खोलीत गेले. मला सगळं कळलंय म्हटलं. तो पलंगाच्या कडेला बसून रडला, आवाज न करता. मी जवळ बसले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आता पुरे कर म्हटलं तर त्याने नकारार्थी मान हलवली आणि खिडकीकडे बोट केलं. खाली उद्याच्या कार्यक्रमाचे फलक लावत होते.

१७ मार्च

सकाळी ब्रेकला सांगितलं. तो कितीतरी वेळ बुटाची नाडी बांधत बसला.

"शिकवायच्या गाडीत दुसरा ब्रेक कशाला असतो, माहितीय? शिकणारा घाबरला ना, की तो ब्रेक विसरतो. ॲक्सिलरेटरच दाबत बसतो."

"मग?"

"मग मास्तरने दाबायचा. शिकणाऱ्याला विचारत बसायचं नाही."

दुपारी आवाजवालीकडे गेले. म्हटलं, आज थांब्यात मशिन बंद कर आणि पुन्हा चालू करू नकोस. ती वायरी गुंडाळत राहिली. "माझी नोकरी जाईल," म्हणाली. मी म्हटलं, आमच्या लॅबमध्ये साचे घ्यायला माणूस लागतं, तुझा हात चांगला आहे. तिने पुढची वायर उचलली. तिच्या मनात काय आहे देव जाणे. आता तयार व्हायला हवं.

१८ मार्च

झालं ते असं.

दुसरं कडवं संपलं तेव्हा मी दोन्ही इअरफोन काढून गळ्यात सोडले. मागे बघितलं, ब्रेकचेही काढलेले. धाकटा आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. 'थांब' हा शब्द मशिनमधून आला. त्यानंतर सगळं शांत. समोरचे हजारो लोक श्वास रोखून उभे राहिले, हल्ली राहतात तसे. ब्रेकने काठ्या मांडीवर ठेवल्या. आम्ही दोघं खांद्याकडे बघत होतो.

ओळ यायची वेळ झाली. ओळ आली नाही. धाकट्याने सवयीने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्या पोरीने मशिन बंद केलं होतं.

लोक थांबले. त्यांना वाटलं, आज थांबा मोठा आहे. मग कुठेतरी एक शिट्टी वाजली, कुणीतरी हसलं. धाकटा मागे वळला. माझ्याकडे बघितलं, माझे मोकळे कान बघितले, ब्रेककडे बघितलं. मला वाटलं आता हा चिडेल. त्याने गिटारचा पट्टा डोक्यावरून काढला आणि गिटार हळूच जमिनीवर ठेवली. खांदा वर गेलाच नाही.

मी आजवर स्टेजवर एक शब्द बोललेले नाही. माईकजवळ गेले. "माझ्या भावाच्या घशाला दुखापत झालीय," म्हटलं. "महिन्याहून अधिक काळ तो वरच्या पट्टीतलं गातच नाहीये, तुम्ही ऐकत होतात ते रेकॉर्ड केलेलं होतं. आम्हालाही कालच कळलं. आता तो गाणार नाही. गाणं इथपर्यंतच. घरी सावकाश जा." शेवटचं वाक्य आई पाहुण्यांना म्हणते, ते तोंडातून गेलं.

काहींनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांनी नाही. फसवणूक, चोर, असंही ओरडले. एक बाटली ब्रेकच्या झांजेवर आदळली. त्यांचंही काही चुकलं नाही, खोटं ऐकवलंच होतं त्यांना.

होऊनजाईल पडद्यामागे उभे होते. तोंड उघडं, दात चमकत होते. पण या वेळी ते काही म्हणाले नाहीत.

२ एप्रिल

लॅबमध्ये परत आले. माझ्या टेबलावर ती मुलगी आहे, मला खिडकीजवळची जागा दिलीय. मेण वितळवायचं तिथे ऊन लागतं. आवाजवाली समोरच बसते. तिची नोकरी गेलीच. साचे छान घेते, पेशंटना तिचा गप्पपणा आवडतो. वर्तमानपत्रांनी आम्हाला आठवडाभर झोडपलं. मग आणखी कुणाचं तरी नवीन गाणं आलं आणि ते आम्हाला विसरून गेले. कंपनीचे वकील अधूनमधून फोन करतात. दमायला होतं, पण संध्याकाळी आपल्याच घरी दमायला होतं.

ब्रेक दुसऱ्याच्या मोटार स्कूलमध्ये शिकवायला जातो. धाकटा आईकडे राहतो, एक अक्षर बोलत नाही. आई त्याच्याशी दिवसभर बोलते आणि त्याच्या वाटची उत्तरंही तीच देते. गाठ काढली. आवाज कसा येईल, येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी रोज घाबरते.

२६ मे

डॉक्टरांनी आज एक वाक्य बोलून बघायला परवानगी दिली. एकच, आणि हळू. धाकट्याने ते दवाखान्यात वापरलं नाही. लॅबकडे चला अशी खूण केली. रविवारच होता. भावजयीने गाडीतून उतरताना त्याला हात दिला, जसं काही पायच मोडलाय. ब्रेक आला, आईही आली आणि माझ्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसली.

धाकटा शेल्फांपुढे उभा राहिला, सगळे जबडे त्याच्यामागे. कोणी काही वाजवत नव्हतं, तरी ब्रेकचा आणि माझा डोळा तिथेच लागलेला. उजवा खांदा वर गेला. किती दिवसांनी. मग खाली आला.

"तायडे," तो म्हणाला. आवाज खरखरीत होता, पातळ होता, मध्येच फाटला. "इअरफोन काढ आणि बघ म्हणून रोज बोट दाखवत होतो, तू बाई तो रोज आणखी आत खुपसायचीस."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, नाक पुसायला मेणाचं फडकंच हाताला लागलं. ब्रेक भिंतीकडे तोंड करून उभा होता. आईने मान तिरकी करून ते वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

"दमलाय अजून," ती म्हणाली, "पण त्याचाच आहे."